‘हा खरा कोण?’ : विनोदी पात्रे आणि प्रेक्षकांचे तर्क

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नोकरीनिमित्त झाशीस आलेल्या आम्हां पाच-सात मराठी कुटुंबांचा महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी जमण्याचा परिपाठ आहे. अशा बैठकीत प्रथम बदल्यांची चर्चा होते, नंतर महागाई भत्त्याची, आणि चहाची दुसरी फेरी झाल्यावर साहित्याची. त्या दिवशी मात्र साहित्याच्या वेळी भलताच विषय निघाला. ‘सिलिकॉन व्हॅली’ या अमेरिकन विनोदी मालिकेत दिनेश चुगताई नावाचा एक पाकिस्तानी तरुण आहे. आडनाव चुगताई, मग नाव दिनेश कसे? या प्रश्नावर दीड तास वाद झाला. एकाने त्यास सिंधी हिंदू ठरविले. दुसऱ्याने त्याच्या आईस हिंदू केले. तिसऱ्याने, हा सारा अमेरिकन लेखकांचा अडाणीपणा असून त्यांस आपली सगळी नावे सारखीच, असा निकाल दिला. शेवटी आमचे एक वडीलधारे स्नेही, जे इतका वेळ शांतपणे सुपारी कातरीत बसले होते, म्हणाले, “अहो, जो माणूस कधी जन्मासच आला नाही, त्याच्या आईची चौकशी तुम्ही कशाला करता?”

सर्वजण हसले आणि बैठक मोडली. परंतु त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. लेखकाने सांगितले त्यापलीकडे जाऊन काल्पनिक पात्राविषयी तर्क करणे हा रिकाम्या वेळाचा खेळ आहे, की वाङ्मयाच्या आस्वादाचाच तो एक भाग आहे? आणि आस्वादाचा भाग असेल, तर त्यास काही मर्यादा आहेत की नाहीत? प्रस्तुत लेखात याच दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः या मालिकेतील घेतो. कारण तिच्या प्रेक्षकांनी तर्क लढविण्यात कोठेही कसूर ठेवलेली नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एच.बी.ओ. या वाहिनीवर ती ६ एप्रिल २०१४ ते ८ डिसेंबर २०१९ या काळात सहा पर्वांत दाखविली गेली. एकूण भाग ५३. तिच्या कर्त्यांपैकी प्रमुख माइक जज यांनी तरुणपणी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच परिसरात अभियंता म्हणून अल्पकाळ नोकरी केली होती. रिचर्ड हेन्ड्रिक्स हा बुजरा, घाबरला की ओकाऱ्या काढणारा तरुण संगणकातील मजकूर कमालीच्या थोड्या जागेत दाबून बसविण्याची एक युक्ती शोधून काढतो, आणि तिच्या जोरावर ‘पाइड पायपर’ नावाचा नवउद्योग, आजच्या भाषेत स्टार्टअप, सुरू करतो. मंडळी राहतात अर्लिक बाख्मन नावाच्या एका बढाईखोर गृहस्थाच्या घरी. भाड्याऐवजी प्रत्येकाच्या उद्योगात दहा टक्के हिस्सा, असा त्याचा करार. सोबतीस गिल्फॉइल आणि दिनेश हे सदैव एकमेकांचे उणे काढणारे दोन कारागीर, हिशेब आणि व्यवस्था पाहणारा जॅरेड, आणि समोर ‘हूली’ या अजस्र कंपनीचा सर्वाधिकारी गॅव्हिन बेल्सन. प्रत्येक पर्वात वैभव हाताशी येते आणि हातोहात निसटते. सरकारी नोकरांस ही कथा परकी वाटावी. पण तिच्यातील वरिष्ठ, कनिष्ठ, तात्पुरत्या बढत्या आणि कायमचे अपमान आमच्या चांगल्याच परिचयाचे आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या स्नेह्यांचा आक्षेप नवा नाही. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, त्याच्या शेवटी काही टिपा जोडल्या आहेत. पित्याच्या मृत्यूसमयी हॅम्लेट कोठे होता, अशा प्रकारचे प्रश्न त्यांत सविस्तर चर्चिले आहेत. पुढे १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी ‘लेडी मॅक्बेथला मुले किती?’ अशा अर्थाचे उपरोधिक शीर्षक देऊन या पद्धतीची टर उडविली. नाटक ही शब्दांची रचना आहे, तीत माणसे राहत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. महाविद्यालयात असताना आम्ही हा वाद पाठ करून परीक्षेत लिहिला व नाइट्स यांची बाजू घेऊन बरे गुणही मिळविले. परंतु परीक्षेत घेतलेली बाजू आयुष्यभर टिकतेच असे नाही. नाइट्स यांची भूमिका तर्काने बिनचूक असली तरी वाचकाच्या अनुभवाशी ती जुळत नाही. शब्दांची नुसती रचना म्हणून कोणी चिमणरावावर लोभ केलेला नाही.

चिमणरावाचे नाव निघालेच आहे तर त्याचेही पाहू. चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते. म्हणजे मराठीतील सर्वांत घरगुती वाटणाऱ्या पात्रांपैकी एक पात्र महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या लेखकाने घडविले, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातून चित्रपटात गेले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर आले. घरोघर आल्यावर जे व्हायचे तेच झाले. आमच्या लहानपणी आमच्या आजोळी प्रत्येक वाड्यात निदान एक ‘चिमणराव’ व प्रत्येक आळीत एक ‘गुंड्याभाऊ’ लोकांनी नेमून ठेवलेला होता. पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ वाचून झाल्यावर त्यांतील माणसे खरोखरीची होती काय, ही पृच्छा न करणारा वाचक विरळाच. तात्पर्य, तर्क करण्याची खोड अमेरिकेतून आलेली नाही. ती आपल्या घरचीच आहे.

या तर्कांचे बारकाईने निरीक्षण केले असता त्यांचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारचा तर्क विचारतो, ‘हा खरा कोण?’ दुसऱ्या प्रकारचा विचारतो, ‘याने आपल्याला सांगितले नाही ते काय?’ वरवर पाहता दोन्ही एकाच कुतूहलाची रूपे वाटतात. आमच्या मते ती परस्परांच्या विरुद्ध दिशांना जाणारी आहेत.

पहिल्या प्रकाराची उदाहरणे या मालिकेत रेलचेल आहेत. पीटर ग्रेगरी हा तिच्यातील विक्षिप्त भांडवलदार तरुणांनी महाविद्यालय सोडावे असा प्रचार करतो, आणि वास्तवात पीटर थील या धनिकाने शिक्षण सोडून उद्योग काढणाऱ्या तरुणांस एक लाख डॉलर देण्याची योजना काढलेली. नावही पीटर! प्रेक्षकांनी तत्काळ शिक्का मारला. रस हॅनमन हा उथळ अब्जाधीश आपण रेडिओ इंटरनेटवर आणला याची उठल्याबसल्या फुशारकी मारतो. तशाच धंद्यातून १९९९ साली अब्जाधीश झालेले मार्क क्यूबन हे नाव त्याच्या कपाळी चिकटविण्यात आले. गॅव्हिन बेल्सनसाठी तर एकाहून अधिक उद्योगपतींची नावे पुढे आली, आणि प्रत्येक पक्षाजवळ पुरावे होते. या शोधास मालिकेनेच उत्तेजन दिले हेही मान्य केले पाहिजे. तिच्या कर्त्यांनी तपशिलाच्या खरेपणाचा इतका ध्यास घेतला होता, की रिचर्डची युक्ती किती सरस हे मोजण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्साची वाइसमन या प्राध्यापकांकडून व त्यांच्या विद्यार्थ्याकडून त्यांनी एक खरेखुरे गणिती परिमाण तयार करवून घेतले. जेथे मोजपट्टी खरी, तेथे माणसेही खरी असणार, असे प्रेक्षकांस वाटले तर नवल नाही.

परंतु ओळख पटल्यावर पुढे काय होते? पुढे काहीच होत नाही. ‘हा म्हणजे थील’ असे एकदा ठरले की ग्रेगरीकडे पाहण्याचे कारण संपते. या पात्राचे काम करणारे क्रिस्टोफर एव्हन वेल्च हे गुणी नट पहिल्या पर्वाचे चित्रीकरण पुरे होण्यापूर्वीच, डिसेंबर २०१३ मध्ये, निवर्तले. त्यांनी ग्रेगरीस दिलेले अडखळते बोलणे, समोरच्याच्या नजरेस नजर न देणे, आणि मोठा आर्थिक प्रश्न समोर असता तिळाच्या पावांचे पुडे मांडून विचारात गढून जाणे, यांतील काहीही कोणा धनिकाच्या चरित्रातून आलेले नाही. ते त्या नटाचे व लेखकांचे आहे. ज्यास ग्रेगरीत केवळ थील दिसला त्याने एक विनोदी निर्मिती गमावली आणि मोबदल्यात वर्तमानपत्रातील एक बातमी मिळविली. हा व्यवहार तोट्याचा आहे.

या पहिल्या प्रकाराचा तोटा केवळ रसिकतेचा नसतो. आमच्या स्वतःच्या एका अपराधाची हकीकत येथे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. आठ वर्षांपूर्वी, झाशीस येण्याच्या आधी, आम्ही दुसऱ्या एका शहरी नोकरीस होतो. तेथील गणेशोत्सवासाठी आम्ही एक नाटुकले लिहिले. त्यात ‘लिफाफेराव’ नावाचा एक कारकून होता. आलेली पाकिटे हलक्या हाताने उसवायची, उलटी करायची, खळ लावून पुन्हा चिकटवायची आणि वापरायची, हा त्याचा छंद. प्रयोग उत्तम रंगला. पहिल्याच प्रवेशात प्रेक्षकांतून कुजबुज झाली व लगेच हशा उसळला, कारण त्या पाकिटांवरून आमच्याच कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी सर्वांनी ओळखले होते. आम्ही मनाशी म्हणालो, पात्र काल्पनिक आहे, लोकांनी तर्क केला तर आमचा काय दोष? वस्तुतः पाकिटे त्यांचीच होती. त्या दिवसापासून कचेरीत त्यांस पाठीमागे आणि पुढे तोंडावरही लोक लिफाफेराव म्हणू लागले. पुढच्या वर्षी ते उत्सवास आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत.

ते सेवानिवृत्त झाले तेव्हा निवृत्तिवेतनाच्या कागदांत मदत करण्याच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या घरी गेलो. कागद भरून झाले. उठताना आम्ही चाचरत नाटुकल्याचा विषय काढला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “पाकिटांचे तुम्ही लिहिलेत ते बरोबरच होते. पण त्या पाकिटांतून पत्रे कोणाला जात, ते तुमच्या नाटकात आले नाही.” आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. टेबलाच्या कडेला उलटी केलेली दोन पाकिटे वाळत ठेवलेली होती.

तर्काच्या दोन प्रकारांतील भेद आम्हांस त्या दिवशी कळला. आमच्या प्रेक्षकांनी ‘हा कोण?’ एवढेच विचारले, कारण आमच्या नाटुकल्यात त्याहून अधिक विचारण्यासारखे काही नव्हते. पत्रे कोणाला जात, हा प्रश्न लेखकाच्या मनातच आला नाही तर तो प्रेक्षकांच्या मनात कोठून यावा? लिफाफेराव हे पात्र नव्हतेच. ते एक लकब पांघरलेले बोट होते, आणि ते एका माणसाकडे रोखलेले होते.

याउलट जॅरेडचे पाहा. या मालिकेत प्रेक्षकांनी सर्वांत अधिक आणि, आमच्या मते, सर्वांत चांगले तर्क केले ते या पात्राविषयी. सरळ, नम्र, अतिशय कार्यक्षम असा हा उंच तरुण. त्याचे खरे नाव जॅरेड नाहीच, डोनल्ड आहे. हूलीत नोकरीस लागला त्या पहिल्याच दिवशी गॅव्हिनने त्यास ‘जॅरेड’ म्हणून हाक मारली, आणि तेच नाव कायम झाले. त्याने ते दुरुस्त केले नाही. इतर विनोद विसरले जातील, पण परमुलखी नोकरी करणाऱ्या वाचकास हा विनोद विसरता येणार नाही. आमच्या आडनावातील ‘ळ’ गेली चार वर्षे येथील हजेरीपटावर ‘ल’ होऊन बसला आहे, आणि आता आम्ही सहीदेखील बहुधा तशीच करतो.

जॅरेडच्या पूर्वायुष्याविषयी लेखकांनी सलग असे फारसे कधी सांगितले नाही. बोलता बोलता त्याच्या तोंडून एखादे वाक्य निसटते: लहानपणी तो परक्यांच्या घरी, एकामागून एक अशा अनेक पालकांकडे वाढला. झोपेत तो जर्मन भाषेत ओरडतो. हे सारे तो इतक्या प्रसन्न चेहऱ्याने सांगतो की ऐकणारे प्रथम हसतात आणि मग गप्प होतात. या निसटत्या वाक्यांचे तुकडे जोडून प्रेक्षकांनी त्याची अनेक चरित्रे रचली. त्यांतील कित्येक अद्भुत व अविश्वसनीय आहेत, हे सांगणे नलगे. पण त्या सर्वांच्या मुळाशी एक योग्य प्रश्न आहे: इतके सोसलेला मनुष्य इतका सौजन्यशील कसा राहिला? रिचर्डवर, ज्याची कृतघ्नता पदोपदी दिसते, त्याची एवढी निष्ठा का? तर्क करणाऱ्यांपैकी जाणत्यांनी उत्तर दिले, की ज्यास घर मिळाले नाही तो प्रत्येक कचेरीस घर समजतो. आता गंमत अशी, की हे उत्तर मालिकेबाहेर जाऊन शोधलेले असले तरी ते मालिकेतच परत येते. अखेरच्या भागात दहा वर्षांनंतरचे चित्र दाखविले आहे, त्यात जॅरेड वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या सेवेत रमलेला दिसतो. ज्यांनी त्याच्याविषयी नीट विचार केला होता त्यांस हे दृश्य पाहून आश्चर्य वाटले नाही, समाधान वाटले. हे चांगल्या तर्काचे लक्षण होय.

दिनेश आणि गिल्फॉइल यांचेही तसेच. सहा पर्वे ते एकमेकांस टोचून बोलतात. दिनेश एकदा तात्पुरता मुख्याधिकारी होतो तेव्हा प्रभारी पदावर बसलेल्या कोणाही अधिकाऱ्याप्रमाणे त्याची मान ताठ होते. थोड्याच दिवसांत अल्पवयीन मुलांसंबंधीचा कायदा मोडल्याचे प्रकरण गळ्याशी येते आणि मान खाली जाते. या दोन्ही अवस्थांचा गिल्फॉइल मनसोक्त आनंद लुटतो. तरीही काही प्रेक्षक पहिल्यापासून म्हणत होते की हे दोघे एकमेकांवाचून राहू शकणार नाहीत. शेवटी दोघे मिळून एकच कंपनी चालवीत असलेले दिसतात.

मग दिनेशच्या नावाच्या वादाचे काय? आमच्या बैठकीतील तिन्ही उत्तरे आम्ही पुन्हा तपासून पाहिली. लेखकांचा अडाणीपणा हे उत्तर पुरेसे नाही. कारण भूमिका करणारे कुमेल नानजियानी यांचा जन्मच कराचीचा, तेव्हा ही विसंगती कोणाच्याच ध्यानी आली नसेल असे मानणे कठीण आहे. उरलेली दोन उत्तरे शक्य आहेत, पण त्यांस मालिकेत आधार नाही. मात्र या वादातून आम्हांस एक गोष्ट दिसली जी आधी दिसली नव्हती. गिल्फॉइल दिनेशच्या प्रत्येक गोष्टीवर तोंडसुख घेतो. पण हे नाव आणि हे आडनाव एकत्र कसे आले, हे त्या घरात कोणास विचारावेसे वाटत नाही. त्यांस तो नुसता नाद आहे. आम्ही मात्र फायलीवरचे आडनाव वाचताच प्रांत, जात आणि गाव ठरवून मोकळे होतो; म्हणून तो प्रश्न आम्हांस पडला. म्हणजे आमचा तर्क दिनेशविषयी काही सांगत नव्हता, आमच्याविषयी सांगत होता. आमच्या वडीलधाऱ्या स्नेह्यांचा टोला नेमका येथे लागू पडतो, आणि तेवढ्यापुरता आम्ही तो शिरोधार्य मानतो.

परंतु तेवढ्यापुरताच. जे जन्मास आले नाहीत त्यांची चौकशी करण्याची परंपरा आमच्या या झाशी जिल्ह्यातच किती थोर आहे, हे येथे राहणाऱ्या मराठी माणसाने तरी विसरू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी महावीरप्रसाद द्विवेदी हे झाशीच्या रेल्वे कचेरीत नोकरी करीत होते. आमच्यासारखाच फायलींचा संसार. मराठीही त्यांस अवगत होती. वरिष्ठाशी न पटल्यामुळे त्यांनी राजीनामा दिला आणि ‘सरस्वती’ मासिकाच्या संपादनास वाहून घेतले. त्याच मासिकात १९०८ साली ऊर्मिलेविषयी कवींनी दाखविलेल्या उदासीनतेवर त्यांचा लेख आला. रवीन्द्रनाथांनीही काव्यांतील उपेक्षित स्त्रियांविषयी लिहिताना हाच प्रश्न उपस्थित केला होता. प्रश्न साधा आहे. लक्ष्मण चौदा वर्षे वनात गेला. त्याच्या पत्नीने ती वर्षे कशी काढली? विवाहप्रसंगानंतर आदिकवीने तिचे जवळजवळ नावही काढलेले नाही. झाशीहून कानपूरच्या वाटेवर असलेल्या चिरगावच्या मैथिलीशरण गुप्तांनी हा प्रश्न मनावर घेतला आणि त्यांतून ‘साकेत’ हे महाकाव्य उभे राहिले. त्याचा नववा सर्ग ऊर्मिलेच्या विरहाचा आहे. नाइट्स महाशयांनी कदाचित विचारले असते, की वाल्मीकीच्या शब्दांत जी नाही ती ऊर्मिला आली कोठून? ती वाल्मीकीच्या मौनातून आली. थोर लेखकाचे मौनही त्याच्या रचनेचाच भाग असते, आणि ते ऐकू येणे हे वाचकाचे भाग्य असते.

ऊर्मिलेच्या शेजारी जॅरेडला बसविल्याबद्दल कोणी आम्हांस दोष देईल. आम्ही दोघांची योग्यता समान मानीत नाही. प्रश्नाची जात एक आहे, एवढेच आमचे म्हणणे. ‘ऊर्मिला खरी कोण होती?’ असे विचारून द्विवेदींनी एखाद्या संस्थानिकाची राणी शोधून काढली असती, तर त्यातून एक निबंध झाला असता, ‘साकेत’ झाले नसते.

या दोन प्रकारांखेरीज आणखी एक उपप्रकार आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. कधी कधी पात्र कथेतून जाते ते कथेच्या गरजेने नव्हे, तर नट निघून गेला म्हणून. अर्लिक बाख्मनचे काम करणारे टी. जे. मिलर २०१७ साली चौथ्या पर्वानंतर मालिका सोडून गेले. लेखकांनी बाख्मनला तिबेटात पाठवून दिले. तो परत येईल काय, यावर प्रेक्षकांनी पुढील दोन वर्षे वाद घातला. अखेरच्या भागात बाख्मन म्हणून जो माणूस पुढे येतो तो बाख्मन नसून त्याच्याच घरी फुकट राहिलेला जियान-यांग असतो. म्हणजे लेखकांनी प्रेक्षकांच्या उत्कंठेचीच थट्टा केली. आपल्याकडे २०१५ साली आलेल्या ‘पिचर्स’ या पाच भागांच्या हिंदी मालिकेतही असेच झाले. नोकरी सोडून उद्योग काढणाऱ्या चार मित्रांची ती कथा; चौघांपैकी मंडलची भूमिका मराठी रंगभूमीवरून आलेल्या अभय महाजन यांची. चौघांतील विवाहित, संसाराच्या ओझ्याने दबलेला जितू आम्हां नोकरदारांस सर्वांत जवळचा. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरे पर्व आले तेव्हा मुख्य चौकडीत जितू राहिला नव्हता. दरम्यान २०२० साली ते काम करणारे जितेन्द्र कुमार ‘पंचायत’ या मालिकेत उत्तर प्रदेशातील फुलेरा गावचे ग्रामसचिव झाले होते. आमच्या बैठकीत एकाने लगेच संगती लावली: “स्टार्टअप बुडाले, आणि गड्याने अखेर सरकारी नोकरीच धरली!” या तर्काचे आमच्या मंडळींनी जेवढे स्वागत केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही तर्काचे केले नाही, आणि त्यातील सुप्त समाधान आम्ही समजू शकतो. पण हा तर्क पात्राविषयी नाही, नटाच्या मुखवट्याविषयी आहे. हसून सोडून द्यावा इतकाच त्याचा अधिकार.

एवंच, आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपास आमचे उत्तर असे. जन्मास न आलेल्या माणसाची चौकशी करणे गैर नाही. चौकशी कशाची करतो यावर सारे आहे. तर्काचा उगम कृतीतील एखाद्या शब्दात, कृतीत किंवा मौनात असावा. त्याचा रोख जिवंत माणसाकडे नसून पात्राच्या अंतःकरणाकडे असावा. आणि तर्क करून झाल्यावर मूळ कृतीकडे पुन्हा जावेसे वाटले पाहिजे. ग्रेगरी म्हणजे थील, हे कळल्यावर आम्हांस ती मालिका पुन्हा पाहावीशी वाटली नाही. जॅरेडने आपले नाव दुरुस्त का केले नाही, हा प्रश्न पडल्यावर आम्ही पहिले पर्व आरंभापासून पुन्हा पाहिले, आणि गॅव्हिनचे नाव निघताच त्याच्या तोंडावर येणारे ते विनयशील स्मित प्रथमच आमच्या नजरेस पडले.

लेखकांसाठीही यात एक धडा आहे, आणि या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळजण उत्सवप्रसंगी हातात लेखणी घेणारे असल्यामुळे तो सांगून हा लेख पुरा करतो. दूरच्या गावी आपली माणसे थोडी असतात. पाच-सात घरे, एक कचेरी, एक उत्सव. तेथे लिहिलेल्या प्रत्येक पात्राचा मूळ पुरुष पहिल्या रांगेत बसलेला असण्याचा संभव असतो. पुण्यामुंबईच्या गर्दीत खपून जाणारी नक्कल येथे खपत नाही. म्हणून परमुलखी लेखकाने पात्राची लकब लिहिण्याआधी त्या पात्राने न सांगितलेली एक तरी गोष्ट स्वतःस ठाऊक करून घ्यावी. मग ती लिहिली नाही तरी चालेल. प्रेक्षक हसतील, आणि घरी जाताना ‘हा कोण?’ असे न विचारता दुसरेच काही विचारू लागतील.

यंदाच्या उत्सवासाठी आमच्याकडे पुन्हा नाटुकले मागितले आहे. लिफाफेरावांची संहिता आमच्या पेटीत अद्याप आहे. तीत एक प्रवेश वाढवावा असे मनात आहे. पात्र तेच, टेबलही तेच. पाकीट चिकटवून झाल्यावर तो त्यावर पत्ता लिहू लागतो. पत्ता कोणाचा, हे मात्र अजून आम्हांस ठरविता आलेले नाही.